चित्रलतेला भाजत नाही

काजळडोह मालेच्या सात भागांत मिळून त्रेचाळीस माणसं मेली होती. एकोणीस डोहात ओढली जाऊन, अकरा गळा आवळून, सहा अंगातलं रक्त शोषलं जाऊन, चार आगीत, दोन कड्यावरून पडून आणि एक तलाठी नुसता घाबरून. चुंबनं पाच होती. त्यांतली तीन एकट्या पाचव्या भागात होती, आणि त्या भागात कोणीच मेलं नव्हतं, म्हणून तो भाग हळदीच्या कढईभोवती बसून ऐकणाऱ्यांना मुळीच आवडला नव्हता.

ही मोजदाद हरिचंदची. रसायनशास्त्र घेऊन तो औरंगाबादेहून बी. एस्सी. झाला होता आणि गेल्या जूनपासून हट्टा या आपल्या गावी नोकरीची वाट पाहत होता. हळदीचा हंगाम लागला तसा तो बौद्धवाड्यातल्या इतरांबरोबर उत्तमसिंगाच्या मळ्यात हळद शिजवायला जाऊ लागला. उत्तमसिंग स्वतः सकाळी एक चक्कर मारून जाई. पुढचं सगळं ग्यानबाच्या हाती. ग्यानबा कढईचा माणूस. लाकडाच्या टोकदार काडीनं हळकुंड टोचून, फेसाचा वास घेऊन, हळद शिजली की नाही हे तो सांगे, आणि तो सांगेपर्यंत कोणी कढईला हात लावायचा नाही असा रिवाज होता.

कढई भरून वर पाल्याचं आणि गोणपाटाचं झाकण घातलं, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, की तासभर तरी विशेष काम नसे. त्या तासात हरिचंद वाचत असे. हिंगोलीच्या स्टेशनाबाहेर बंडोपंत नावाचे गृहस्थ कादंबऱ्या भाड्यानं देत. त्यांच्याकडून तो दोन-दोन भाग आणी. पंधरा-वीस माणसं कढईभोवती बसत आणि एका मेलेल्या बाईची कथा ऐकत. ती बाई म्हणजे चित्रलता. लग्नाच्या हळदीतच तिला कोणी तरी डोहात ढकललेलं, तेव्हापासून ती गावोगावच्या पुरुषांना ओढून नेते, आणि एकट्या फौजदार रणधीरवर मात्र तिचा जीव जडलेला.

हरिचंदचं या मालेबद्दलचं मत वाईट होतं, तरी तो प्रत्येक भाग दोनदा वाचत असे. माणसाच्या अंगात रक्त असतं पाच लिटर. तिसऱ्या भागात एका जमीनदाराच्या रक्तानं वाड्यातला हौद भरतो. फौजदार दर भागात तिला पाहून थक्क होतो, जणू आधीचे भाग त्यानं वाचलेच नाहीत. पण एवढं तो चालवून घेई. त्याचा खरा राग होता तो भुताच्या नियमांवर. पहिल्या भागात चित्रलता दिव्याच्या ज्योतीला भिते. चौथ्यात ती जळत्या वाड्यातून केस विंचरत बाहेर येते. सहाव्यात पुन्हा उदबत्तीच्या धुरानं तिला घेरी येते. भूत असायला त्याची हरकत नव्हती. पण एकदा भूत ठरवलं की त्याचे गुणधर्म तरी पक्के पाहिजेत. आम्लानं लिटमस लाल होतो म्हटल्यावर पुढच्या प्रकरणात तो हिरवा होऊन कसं चालेल?

ऐकणाऱ्यांची मतं निराळी होती.

"लगीन करायचं असंल तर करून टाक म्हणावं त्या फौजदाराला," केशरबाई म्हणे. ती बायकांत सगळ्यांत वडीलधारी. "इतकी पुस्तकं झाली, मेला नुस्ता डोहाच्या काठी उभा ऱ्हाऊन राहिला."

"लगीन झाल्यावर मंग मारामाऱ्या बंद व्हतील," ग्यानबा म्हणे. "मारामाऱ्या घरी बराबर व्हतील, बाकी ठिकानी बंद."

सगळे हसत. हसत नसे ती एकटी चांगुणा. मुंजाजीची बायको. नरसी गावाहून दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, एका पोरीची आई. ती सगळ्यांच्या मागं, डावा हात पदराखाली घेऊन बसे आणि वाचन संपलं की पहिली उठे.

सहावा भाग वाचताना हरिचंदला राहवलं नाही. त्यात एकसारख्या दिसणाऱ्या दोन बायका येतात, आणि त्यांतली चित्रलता कोण हे ओळखायला फौजदार अंगारा फुंकतो. हरिचंदला ते फारच पोरकट वाटलं. पान उलटल्यासारखं करून त्यानं स्वतःच्या मनचं वाचलं: फौजदारानं चुलाणावर पाणी उकळायला ठेवलं आणि दोघींना त्यात हात घालायला सांगितलं. पहिलीनं बोट बुडवलं न बुडवलं तोच किंकाळी फोडून हात ओढून घेतला. दुसरीनं कोपरापर्यंत हात घातला आणि ती फौजदाराकडे बघत राहिली. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

कढईखालच्या पऱ्हाट्या विझत आल्या तरी नवी मोळी कोणी सरकवली नाही. ग्यानबाला काडी टोचायचं भान राहिलं नाही, आणि त्या दिवशीचा तो घाणा गरम पाण्यात जास्त वेळ राहून मऊ पडला.

"हे झाक झालं," ग्यानबा शेवटी म्हणाला. "लेखक सुधरला."

हरिचंद मनातल्या मनात फुलून गेला. आता चित्रलतेला एक पक्का गुणधर्म मिळाला होता. लोक उठून गेले तेव्हा चांगुणा मागं रेंगाळली. ती त्याच्याशी सहसा बोलत नसे.

"भावजी, तिला भाजलेलं कळत न्हाई म्हंता. मंग हात इस्तवात हाय का भाईर, ते तिला कसं उमगंल?"

"म्हंजी?"

"म्हंजी तिनं सारखं हाताकडं बघाया पायजे. न्हाई बघितलं तर हात जळून कोळसा व्हईल अन् तिला पत्ता बी लागनार न्हाई."

हरिचंद तिच्याकडे बघतच राहिला. या मालेबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. तो स्वतःही नाही. भाजणं आणि भाजल्याचं कळणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे बी. एस्सी. झालेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. तुम्हाला हे कसं सुचलं, एवढं मात्र त्यानं विचारलं नाही. तो त्या मुद्द्यावरच इतका खूश होता की दुसऱ्या दिवशी सातवा भाग वाचताना त्यानं तो जागोजागी पेरला. चित्रलता स्वयंपाक करते आणि बोटांकडे बघते. चित्रलता दिवा लावते आणि तळहात उलटून बघते. चित्रलता फौजदाराच्या मिठीत असते, आणि त्याच्या खांद्यावरून स्वतःच्या हाताकडे बघत असते. केशरबाईनं त्या जागी पदराला डोळे पुसले.

चांगुणा भाकरी थापताना हाताकडे बघते, हे पहिल्यांदा नरसिंगनं बोलून दाखवलं.

नरसिंग कढईचा दांडा उचलणारा गडी. अंगानं दणकट, तोंडानं सैल. तो आधीपासून चांगुणाच्या वाटेत उभा राही. आता त्याला नाव सापडलं. "आली बघा चितरलता," तो म्हणे. "फौजदार कुठं ठिवला?" पुरुष हसत. हळूहळू बायकाही तिच्या हाताकडे बघू लागल्या. ती मोळी सोडताना बघते. ती पोरीला पाजताना बघते. कोणी तिच्या हातचं पाणी घेईना. मुंजाजी हे ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि गाडी जुंपून शेतात ओली हळद आणायला जाई. हरिचंदनं दोनदा नरसिंगला दटावलं, नरसिंग म्हणाला, "तुमी वाचा मास्तर, आमी बघताव."

ते घडलं भर दुपारी.

कढई उकळत होती. एका बाजूचं गोणपाट सरलं होतं म्हणून चांगुणा ते सारखं करायला वाकली. नरसिंगनं मागून येऊन तिच्या कमरेला विळखा घातला. "ऊन हाय का गार हाय, बघू तरी," तो म्हणाला, आणि कढईपलीकडच्या गड्यांकडे बघून त्यानं डोळा मारला. चांगुणानं एकदा झटका दिला. विळखा सुटला नाही. दुसऱ्यांदा तिनं कोपर मारलं. तो अजून हसतच होता. मग तिनं डावा हात गोणपाटाखालून सरळ कढईत घातला, उकळत्या पाण्यातली मूठभर हळद उचलली, आणि वळून त्याच्या तोंडावर दाबून धरली.

नरसिंगचा आवाज माणसाचा नव्हता. तो मागं कोसळला, उठला, पुन्हा पडला. त्यानं तोंडावरून हात फिरवला तशी गालाची कातडी भिजल्या कागदासारखी बोटांबरोबर निघून आली. खाली लाल होतं, आणि लालावर पिवळे डाग.

पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते. ते चांगुणाकडे बघत होते. तिच्या मुठीतून वाफ निघत होती. तिनं मूठ उघडली, चिरडलेली हळकुंडं खाली पडली. ती रडत नव्हती. तिनं हाताकडे बघितलं, मग नरसिंगकडे, मग पुन्हा हाताकडे.

हरिचंदही त्या हाताकडे बघत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो हात त्यानं जवळून, नीट पाहिला. करंगळी आणि शेजारचं बोट आतल्या बाजूला वाकलेलं. बांगड्यांच्या वर फिकट, कोरडा, बिनकेसांचा चट्टा, रुपयाएवढा. असे चट्टे त्यानं औरंगाबादला आरोग्य शिबिरात पाहिले होते. चांगुणानं त्या दिवशी जे विचारलं ते तिला सुचलेलं नव्हतं. ते तिचं रोजचं जगणं होतं, आणि ते उचलून त्यानं भुताच्या अंगावर घातलं होतं.

"चितरलता हाय ती!" नरसिंग ओरडत होता. कोणी तरी त्याच्या तोंडावर ओलं धोतर टाकलं होतं आणि तो त्यातून ओरडत होता. "आरं बघा की! बघून काय राहिले? हात बघा तिचा!"

पहिली पऱ्हाटी कोणी मारली ते कळलं नाही. ती चांगुणाच्या कपाळावर बसली आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. दुसरी मानेवर. ती पळायला वळली तर ग्यानबानं तिचा बुचडा धरून तिला गुडघ्यावर पाडलं. एका बाईनं तिच्या पाठीत लाथ घातली आणि स्वतःच घाबरून मागं सरली. तेवढ्यात मुंजाजी बैलगाडी घेऊन बांधावर आला. त्यानं गाडी तशीच सोडली आणि हातातली बैल हाकायची तुतारी समोरच्याच्या डोक्यात घातली. तीन गडी त्याच्यावर पडले. त्याच्या तोंडात माती गेली, एक दात गेला, आणि एकानं त्याच्या मानेवर गुडघा ठेवला.

हरिचंद हळदीच्या ढिगावर चढला. "थांबा!" तो ओरडला. "ते पुस्तकात न्हाई! पाण्याचं, हाताचं, सगळं मी घातलं. माझ्या मनचं!"

ग्यानबानं वर बघितलं. "म्हंजी इतके दिस तू आमाला खोटं वाचलं?"

"व्हय. खोटं वाचलं."

"अन् आता खरं बोलून राहिला, हे कशावरून?"

"पुस्तक देतो. देवलाला वाचू द्या. बघ देवला, सहावा भाग, त्यात उदी फुंकतो तो, अंगारा!"

देवला त्या सगळ्यांत चौथी शिकलेला एकटा. त्यानं पुस्तक घेतलं आणि ओठ हलवत पानं चाळू लागला. नरसिंगनं धोतर बाजूला केलं. त्याचा एक डोळा बंद झाला होता. त्यानं देवलाच्या हातातून पुस्तक हिसकलं आणि कढईखाली फेकलं. मुखपृष्ठावरचं चित्रलतेचं रंगीत तोंड आधी तपकिरी झालं, मग वर वळलं, मग गेलं.

"पुस्तकात असू का नसू," केशरबाई म्हणाली. "तिनं कढईत हात घातला, ते बी तूच घातलं का रं?"

"मावशे, तुमच्या घरात बाबासाहेबांचा फोटू हाय. भूत सोडलं न् आपन?"

"आमी सोडलं की. त्यानं आमाला सोडलं का, ते सांग."

ढिगावरून त्याला कोणी तरी पायाला धरून खाली ओढलं. बरगडीत बुक्की बसली, श्वास कोंडला, आणि तो मुंजाजीशेजारी मातीत पडला. मुंजाजीचं तोंड त्याच्या तोंडाजवळ होतं, रक्तानं भरलेलं.

"मुंजा," हरिचंद कुजबुजला, "तिला महारोग हाय. मी सांगून टाकतो ह्यान्ला. दुखणं हाय म्हणतो, भूत न्हाई."

मुंजाजीनं मोकळ्या हातानं त्याचं मनगट पकडलं, हाड मोडेल इतकं घट्ट. "तोंड उघडलं तर मारून टाकीन."

"तुला म्हाईत होतं?"

"लगीन झाल्यापून." तो रक्त थुंकला. "भूत म्हणून मारतील अन् सोडतील. महारोग म्हणले तर वाड्यात ठिवनार न्हाईत. तिचा बाप दारात उभं करनार न्हाई. पोरगी हाय आमाला, हऱ्या."

तेवढ्यात ग्यानबाचा आवाज आला. तो ओरडत नव्हता; घाण्याची वेळ सांगावी तसं सांगत होता.

"नुस्तं मारून कळनार न्हाई. झाकन काढा. सगळ्यांम्होरं हात घालू दे. वरडली तर बाई. न्हाई वरडली तर तिला कढईतच ढकलू, मंग पुढं कुनाला तकलीफ नको."

दोघांनी गोणपाटं ओढली, पाला काढला. वाफेचा लोट उठला आणि पिवळा फेस काठावर आला. चांगुणाला उभं केलं. तिची नजर हरिचंदवर पडली, आणि त्या नजरेत काय होतं ते त्याला कळलं नाही, पण ती घाबरलेली नव्हती. ती कसला तरी हिशेब करत होती.

"वैनी!" तो ओरडला. "घालू नका! दुखलं न्हाई तरी हात शिजतो! दुखलं न्हाई तरी!"

"ऐका," ग्यानबा म्हणाला. "बीयस्सी बी म्हंतो, तिला दुखत न्हाई."

हरिचंदनं पाय झाडले, धरणाऱ्याच्या पोटरीला दात लावले, आणि सुटला. कढईशेजारी गार पाण्याची बादली होती. ती उचलून त्यानं कढईत ओतली. उकळी बसली. पाण्याचा आवाज बंद झाला. एक बादली पंधरा लिटर. कढईत पाणी आणि हळद मिळून अडीचशेच्या वर. शंभर अंशांचे पंचाण्णव होतील, फार तर चौऱ्याण्णव. हे त्यानं दुसऱ्या बादलीकडे धावताना मनात मांडलं, आणि ते पुरेसं नाही हेही त्याला कळलं. दुसरी बादली त्याच्या हाती लागली नाही. ग्यानबानं कढईचा दांडा त्याच्या खांद्यावर घातला. काही तरी मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. तो पडला, पण त्याचं तोंड कढईकडे होतं, आणि पुढचं सगळं त्यानं पाहिलं.

चांगुणानं ग्यानबाचा हात झटकला. "धरू नका," ती म्हणाली. "मी घालते."

ती कढईपाशी गेली. उजव्या हातानं तिनं डाव्या हाताच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. एकदा पाण्याकडे बघितलं. मग डोळे घट्ट मिटले, तोंड उघडलं, आणि किंचाळली. "आई गं! मेले गं माय!" बांधावरचे बैल उधळले. लोक दोन पावलं मागं हटले.

किंकाळी आधी आली. हात नंतर गेला. मधलं अंतर एका पळाचं असेल, पण हरिचंदनं ते पाहिलं, आणि मातीत पडलेल्या मुंजाजीनंही पाहिलं असावं, कारण त्याच्या घशातून एक हुंदका फुटला.

हात मनगटापर्यंत आत गेला. ती ओरडत होती, जीव तोडून, वाकून, कुणाचंही काळीज फाटेल असं. पण तिनं डोळे मिटलेले होते. डोळे मिटलेले असल्यामुळं हात अजून आत आहे का बाहेर, हे तिला कळत नव्हतं. ती ओरडतच राहिली आणि हात आतच राहिला.

"काढ!" हरिचंद ओरडला. "हात काढा तिचा!"

मुंजाजीच्या मानेवरचा गुडघा कधी तरी ढिला झाला होता. तो उठला, दोन ढांगांत कढईपाशी पोचला, आणि त्यानं तिला दंडाला धरून मागं खेचलं. दोघंही हळदीच्या पाल्यात पडली. तिनं डोळे उघडले, हाताकडे बघितलं, आणि तिचं ओरडणं एकदम थांबलं. मग आजूबाजूची माणसं दिसली तशी ती पुन्हा ओरडू लागली.

"बाई हाय गं," केशरबाई म्हणाली. तिनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. "बाईच हाय. आपलीच लेक हाय. आरं द्वाड्यांनो, पानी आना!"

बायका धावल्या. जिनं लाथ घातली होती ती चांगुणाचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मोठ्यानं रडू लागली. गडी एकमेकांकडे बघेनात. नरसिंग धोतराखाली काही तरी बोलत होता. देवलानं त्याला "गप ए भाड्या," म्हटलं आणि कानशिलात हाणली, तशी आणखी दोघांनी त्याला लाथा घातल्या. मगाशी चांगुणाला मारणारेच ते. तो मळ्याबाहेर पळेपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही.

ग्यानबा कढईपाशी उभा होता. त्यानं काडी टोचून पाहिली. "उतरवा," तो म्हणाला. "शिजली."

संध्याकाळच्या गाडीनं मुंजाजी, चांगुणा आणि हरिचंद हिंगोलीला गेले. वसमत जवळ होतं, पण वसमतला सोयरे होते. हिंगोलीला ओळखीचं कोणी नव्हतं, आणि तिथं चामडीच्या रोगांचा एक डॉक्टर बसत असल्याचं हरिचंदला माहीत होतं. त्याचा डावा खांदा गमछानं छातीशी बांधला होता. चांगुणाचा हात स्वच्छ लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून तिच्या मांडीवर होता. बस खड्ड्यात आदळली की हरिचंद कळवळे, मुंजाजी दाताच्या जागी जीभ लावी. ती मात्र खिडकीबाहेर बघत असे.

औंढ्याच्या पुढं ती म्हणाली, "भावजी, पुस्तक जळालं. त्या बंडोपंतांना काय सांगनार?"

"सांगीन काही तरी."

"काही तरी नका सांगू," चांगुणा म्हणाली. मग ती मुंजाजीकडे कलली. "वरडनं बराबर झालं का?" तिनं हळूच विचारलं.

मुंजाजीनं मान हलवली आणि तोंड दुसरीकडे केलं.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे होते. धडपा सोडल्यावर बोटांची कातडी धडप्याबरोबर आली. त्यांनी ती चिमट्यानं बाजूला केली, हात धुतला, आणि विचारलं, "कशानं?"

"हळदीच्या कढईत गेला," मुंजाजी म्हणाला.

"गेला का घातला?"

मुंजाजीनं चांगुणाकडे बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागेल, ते म्हणाले. अंगठा आणि दोन बोटं राहतील. चट्ट्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, की याच्यासाठी गोळ्या आहेत. रोज एक, वर्षानुवर्षं, न चुकता. घेतल्या तर पुढं वाढणार नाही. घरच्यांना सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. गोळ्या खाणाऱ्या माणसाजवळ बसल्यानं कोणाला काही होत नाही, एवढं मी लिहून देतो.

"लिवून नको," मुंजाजी म्हणाला. "गोळ्या द्या."

"रोग कुठवर गेलाय ते बघू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी चांगुणाचा उजवा हात टेबलावर ठेवायला सांगितला. दोन काचेच्या नळ्या होत्या. एकीत त्यांनी स्टोव्हवरचं सोसेल इतकं गरम पाणी भरलं, एकीत माठातलं. डोळे मिटा, मी नळी लावीन, तुम्ही गरम का थंड ते सांगायचं. चांगुणानं डोळे मिटले नाहीत. ती नळ्यांकडे बघत राहिली. शेवटी मुंजाजीनं मागं उभं राहून आपला तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवला.

हरिचंद बाकावर बसून मोजत होता. कोपरापासून बोटांपर्यंत, कधी ही नळी, कधी ती, क्रम न ठेवता, डॉक्टरांनी वीस वेळा लावली. दहा वेळा थंड होती. दहाही वेळा ती 'थंड' म्हणाली. दहा वेळा गरम होती; सात वेळा ती 'गरम' म्हणाली, आणि तीन वेळा, उजव्याही हाताच्या करंगळीच्या बाजूला, 'थंड'.